गुनपेई योकोई : ज्यांचं बटण उज्जैनपर्यंत पोहोचलं, नाव मात्र पोहोचलं नाही

उज्जैनला खेळाचं वेड नवीन नाही. शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकातली उज्जयिनी आठवा. जुगारात हरलेला संवाहक देणेकऱ्यांना चुकवण्यासाठी एका ओस देवळात शिरतो आणि देवाच्या जागी मूर्तीसारखा उभा राहतो. पाठलाग करणारेही काही कच्चे नसतात. ते त्याच्यासमोरच डाव मांडून बसतात. खेळाचा आवाज कानावर पडतो आणि दगड झालेल्या माणसाचा पुन्हा माणूस होतो. तो धावत पुढे येतो आणि सापडतो.

त्यानंतर कित्येक शतकांनी, १९९०च्या दशकात, त्याच गावातली पोरं तशीच खिळून बसायला लागली. यावेळी समोर फासे नव्हते, टीव्ही होता. फ्रीगंजमधल्या घरांत काय किंवा गोपाळ मंदिराच्या आसपासच्या जुन्या वस्तीत काय, ज्याच्याकडे 'व्हिडीओ गेम' आला त्याच्या घरी सुट्टीत चपलांचा ढीग पडायचा. शिंदेशाहीपासून उज्जैनात राहिलेल्या मराठी घरांतली मुलं घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि गेमसमोर दोन्ही बोलायची. बेळगाव, निपाणी, बिदर, बुऱ्हाणपूर, बडोदा, कुठेही गेलात तरी चित्र हेच. टीव्हीला जोडायचा डबा, वायरीचे दोन रिमोट आणि वर खोचायची कॅसेट. कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत खोचायची.

डब्यावर नाव समुराई असेल, मीडिया असेल, नाहीतर लिट्ल मास्टर. आत जीव एकच होता. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८३ साली काढलेल्या फॅमिली कॉम्प्युटरचा. मूळ यंत्र आपल्याकडे सहजासहजी मिळत नव्हतं, परदेशी माल महाग पडायचा. म्हणून त्याच्या स्वस्त नकला आल्या आणि गावोगाव पोहोचल्या. आज त्या डब्यांची आठवण निघते ती माळा आवरताना.

त्या प्रत्येक रिमोटवर डाव्या अंगठ्याखाली एक बटण होतं. गणितातल्या अधिकच्या चिन्हासारखं. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. मारिओला पळवायचं ते त्यावरच. त्या बटणामागे एक माणूस होता, गुनपेई योकोई. पत्त्यांच्या कारखान्यात यंत्रांची देखभाल करायला लागलेला हा माणूस पुढे जगभरच्या मुलांच्या खिशात जाऊन बसला. आणि शेवटी एका महामार्गाच्या कडेला अपघातात गेला.

पत्त्यांच्या कारखान्यातला मेकॅनिक

योकोई यांचा जन्म १० सप्टेंबर १९४१चा, जपानमधल्या क्योतोचा. क्योतो म्हणजे जपानची हजार वर्षांहून जुनी राजधानी. देवळांचं शहर, सणवार आणि यात्रांचं शहर. उज्जैनच्या माणसाला ते समजावून सांगायला नको. त्याच क्योतोत दोशिशा विद्यापीठातून त्यांनी इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण घेतलं. हाताने काहीतरी जोडत बसायचा नाद लहानपणापासूनचा. पण पदवी हातात पडल्यावर मोठ्या कंपन्यांचे दरवाजे काही उघडले नाहीत. १९६५ साली त्यांना नोकरी मिळाली ती गावातल्याच निन्टेंडोत.

तेव्हाची निन्टेंडो म्हणजे पत्ते छापणारी कंपनी. १८८९ साली सुरू झालेली. तिचा मुख्य माल 'हानाफुदा', म्हणजे फुलांचे पत्ते. बारा महिने, प्रत्येक महिन्याचं एक फूल किंवा झाड, प्रत्येकाची चार पानं, असा ४८ पानांचा संच. जुगाराच्या अड्ड्यांवर त्याला मोठी मागणी. आपल्याकडे सावंतवाडीला हाताने रंगवलेल्या गंजिफा होतात, दशावतारी संचात १० रंग आणि १२० पानं असतात. साधारण तशाच जातीची ही कला, फक्त क्योतोत तिचा कारखाना झाला होता. तिथल्या यंत्रांना तेलपाणी करायचं, बिघडलं तर दुरुस्त करायचं, हे योकोईंचं काम.

काम फार नव्हतं. यंत्रं नीट चालली की देखभाल करणारा मोकळा. त्या रिकाम्या वेळात त्यांनी स्वतःच्या करमणुकीसाठी एक खेळणं बनवलं. कात्रीसारख्या एकमेकांत अडकवलेल्या पट्ट्या. मूठ आवळली की लांब होऊन पुढची वस्तू पकडणार, सोडली की परत आखडणार. १९६६ साली कंपनीचे मालक हिरोशी यामाउची कारखान्यात फेरी मारायला आले आणि त्यांनी ते पाहिलं. कामाच्या वेळात खेळणं करताना सापडलेल्या माणसाला काय वाटलं असेल ते वेगळं सांगायला नको. पण यामाउचींनी त्यांना ओरडण्याऐवजी त्याचाच माल करायला सांगितला. 'अल्ट्रा हँड' नावाने ते बाजारात आलं आणि दहा लाखांच्या वर खपलं.

पत्त्यांच्या कंपनीला खेळण्यांचा धंदा सापडला आणि मेकॅनिकला त्याचं खरं काम.

फक्त डावीकडे वळणारी गाडी

पुढची दहा-बारा वर्षं योकोई एकामागून एक खेळणी काढत राहिले. घरातल्या घरात मऊ चेंडू फेकणारं बेसबॉलचं यंत्र आलं, तेही धडाक्याने खपलं. १९६९ साली 'लव्ह टेस्टर' आलं. मुलगा-मुलीने एकमेकांचा हात धरायचा, दुसऱ्या हातात एकेक धातूचा गोळा घ्यायचा, आणि काटा प्रेमाचं माप सांगणार. प्रत्यक्षात काटा दोघांच्या अंगातून जाणारा किंचित विद्युतप्रवाह मोजायचा. शाळेच्या प्रयोगशाळेतली साधी गोष्ट, पण तरुण मंडळींना हात धरायला कारण मिळालं.

मग सौरघटांची भानगड आली. शार्प कंपनीकडून मासायुकी उएमुरा नावाचे अभियंते प्रकाश ओळखणारे घटक विकायला आले होते. योकोईंनी त्यांचा उपयोग बंदुकीच्या खेळात केला. बंदुकीतून प्रकाशाचा किरण निघायचा, नेम लागला की लक्ष्य पडायचं. उएमुरा पुढे निन्टेंडोतच आले. आपल्याकडच्या 'व्हिडीओ गेम'चा मूळ अवतार, म्हणजे तो फॅमिली कॉम्प्युटर, घडवणारे हेच उएमुरा.

सगळंच यशस्वी झालं असं नाही. १९७३ साली बंद पडलेल्या बोलिंगच्या हॉलमध्ये प्रकाशाच्या बंदुकीने नेमबाजी करायची केंद्रं निन्टेंडोने सुरू केली. सुरुवात झोकात झाली. तेवढ्यात जगावर तेलाचं संकट कोसळलं, जपानात खर्चाला कात्री लागली आणि धडाधड ऑर्डरी रद्द झाल्या. कंपनी कर्जात रुतली.

योकोईंची विचार करायची पद्धत याच काळात पक्की होत गेली. १९७२ साली त्यांनी रिमोटवर चालणारी एक गाडी काढली, 'लेफ्टी आरएक्स'. तेव्हा रिमोटच्या गाड्या फार महाग असायच्या. डावं, उजवं, पुढे, मागे, प्रत्येक हुकमासाठी वेगळी यंत्रणा लागायची आणि किंमत चढत जायची. योकोईंनी एकच हुकूम ठेवला. गाडी सरळ जायची आणि बटण दाबलं की डावीकडे वळायची. उजवीकडे वळायची सोयच नाही. पण शर्यतीचा गोल रस्ता डावीकडेच वळत राहणार असेल तर उजवीकडे वळायचंय कुणाला? मजा तीच, किंमत कितीतरी कमी.

सगळे धावत असतात त्या नव्याकोऱ्या, महागड्या तंत्रामागे न धावता, जुनं झालेलं, मुरलेलं, स्वस्त झालेलं आणि सगळ्या खोडी ठाऊक असलेलं तंत्र घ्यायचं. मग ते अशा ठिकाणी वापरायचं, जिथे आधी कुणी वापरलेलं नाही. हे योकोईंचं सूत्र. मराठी स्वयंपाकघराला हे नवं नाही. रात्रीची पोळी उरली की सकाळी फोडणीची पोळी होते, आणि पोरं ताज्या पोळीपेक्षा तीच मागून खातात. योकोईंनी तेच इलेक्ट्रॉनिक्समध्ये केलं.

आगगाडीतला प्रवासी

१९७०च्या दशकात जपानात कॅल्क्युलेटरची लढाई पेटली होती. कॅसिओ आणि शार्प एकमेकांवर कुरघोडी करत होत्या. कॅल्क्युलेटर लहान झाला, पातळ झाला, खिशात मावायला लागला आणि भाव पार खाली आला. शेवटी घराघरांत कॅल्क्युलेटर झाले. आता त्या इवल्या चिप्स आणि आकडे दाखवणाऱ्या काचांचं करायचं काय?

असं सांगतात, की बुलेट ट्रेनने जाताना योकोईंना एक नोकरदार दिसला. प्रवासाला कंटाळून तो हातातल्या कॅल्क्युलेटरची बटणं उगाचच दाबत बसला होता. त्यांच्या डोक्यात आलं, याला खिशात मावेल आणि चारचौघांत लाज वाटणार नाही असा खेळ दिला तर?

पुढचा भाग योगायोगाचा. यामाउचींचा गाडीचालक एके दिवशी आजारी पडला. मालकांची गाडी अमेरिकन, डाव्या बाजूला चाक असलेली. योकोईंना गाड्यांची हौस, त्यांना तसली गाडी चालवायची सवय होती, म्हणून चालवायला त्यांनाच बसवलं. रस्त्यात गप्प बसण्यापेक्षा म्हणून त्यांनी ही कल्पना सांगितली. मालक ऐकून घेत राहिले, फारसं बोलले नाहीत. त्याच दिवशी एका बैठकीत यामाउचींच्या शेजारी शार्पचे प्रमुख बसले होते. आठवड्याभरात शार्पची माणसं निन्टेंडोच्या दारात हजर झाली.

२८ एप्रिल १९८० रोजी पहिला 'गेम अँड वॉच' निघाला, नाव 'बॉल'. तळहाताएवढा. पडद्यावर एक बाहुला चेंडू झेलतोय, दोन बाजूंना दोन बटणं, आणि खेळ नसेल तेव्हा घड्याळ. आत कॅल्क्युलेटरचंच तंत्र. पुढच्या अकरा वर्षांत असे साठेक वेगवेगळे खेळ निघाले आणि सगळे मिळून ४ कोटी ३४ लाख नग खपले. कंपनीवरचं कर्ज फिटलं ते याच पैशावर.

अधिकचं चिन्ह

१९८१ साली निन्टेंडोच्या 'डाँकी काँग'ने अमेरिकेतल्या नाणं टाकून खेळायच्या यंत्रांवर धुमाकूळ घातला. तो रचणारे शिगेरू मियामोतो तेव्हा नवखे होते आणि त्यांच्यावर देखरेख योकोईंची होती. पुढच्याच वर्षी तो खेळ गेम अँड वॉचमध्ये आणायचं ठरलं. अडचण अशी, की मोठ्या यंत्रावर उभा दांडा असतो, त्याने बाहुला हलवायचा. आणि इथे यंत्र पुस्तकासारखं मिटायचं. दांडा बाहेर आला तर झाकण मिटणार कसं?

चार दिशांना चार सुटी बटणं ठेवली तर अंगठा त्यांत चाचपडतो. नजर पडद्यावर असते, बोटांकडे बघायला वेळ नसतो. योकोईंनी चारही दिशा एकाच सपाट तुकड्यात जोडल्या, अधिकच्या चिन्हाच्या आकारात. एक टोक दाबलं की समोरचं टोक उचलतं. त्यामुळे न बघताही अंगठ्याला कळतं, आपण कुठे आहोत.

उएमुरांच्या चमूने फॅमिली कॉम्प्युटर तयार करताना हेच बटण उचललं. तिथून ते फॅमिली कॉम्प्युटरच्या नकलांत गेलं, नकलांच्या नकलांत गेलं, आणि जहाजं, गोदामं, दिल्ली-मुंबईचे घाऊक बाजार करत उज्जैनच्या दिवाणखान्यात आलं. मूळ माणसाचं नाव वाटेत कुठेतरी गळून पडलं. नकली मालाच्या खोक्यावर कुणाचंच नाव नसतं.

याच काळात योकोईंनी आणखी एक युक्ती लढवली. १९८३ला अमेरिकेत व्हिडीओ गेमचा बाजार इतका कोसळला, की दुकानदार त्या नावालाच घाबरायला लागले. तेव्हा निन्टेंडोने आपल्या यंत्राबरोबर एक छोटा रोबो दिला. तो योकोईंच्या विभागात बनला होता. हा व्हिडीओ गेम नाही, खेळणं आहे, अशी दुकानदारांची समजूत पटली आणि माल फळीवर लागला. रोबो पुढे फारसा कुणी वापरला नाही. पण दार उघडायचं काम त्याने केलं.

घरच्यांनीच नावं ठेवलेला गेम बॉय

योकोईंचं सर्वांत मोठं काम आलं १९८९ साली. २१ एप्रिलला जपानात 'गेम बॉय' बाजारात आला, किंमत १२,५०० येन. गेम अँड वॉचमध्ये एका यंत्रात एकच खेळ असायचा. इथे कॅसेट बदलली की खेळ बदलला. ही कल्पना नेटाने पुढे रेटण्यात त्यांचे सहकारी सातोरू ओकादा यांचा मोठा वाटा होता.

यंत्र पाहून कंपनीतल्याच लोकांनी नाकं मुरडली. पडदा रंगीत नाही, हिरवट पिवळ्यावर करड्याच्या चार छटा. मागून उजेड नाही. चिपही काही नवी नाही. टुकार खेळ अशा अर्थाचं टोपणनावही त्याला घरातच पडलं. मध्यंतरी तर पडदा बाजूने पाहिला तर काहीच दिसत नाही, म्हणून सगळं काम बंद पडायची वेळ आली होती. वेगळ्या जातीचा पडदा मिळाला म्हणून निभावलं.

त्याच वर्षी अमेरिकेत अटारीचा 'लिंक्स' आला, पुढच्या वर्षी जपानात सेगाचा 'गेम गिअर'. दोन्ही रंगीत, दोन्ही आतून उजळलेले, दिसायला गेम बॉयच्या शंभर पावलं पुढे. पण त्यांना लागायचे सहा सेल आणि ते चार-पाच तासांत संपायचे. गेम बॉय चार पेन्सिल सेलवर त्याच्या तिप्पट चालायचा. शिवाय स्वस्त आणि दणकट. लहान मुलाच्या हातातलं यंत्र दिवसातून दोनदा जमिनीवर पडणारच, हे योकोईंनी धरूनच ठेवलेलं होतं.

मॉस्कोच्या अलेक्सी पाजितनोव यांनी १९८४ साली रचलेला 'टेट्रिस' अमेरिकेत गेम बॉयबरोबरच मिळायचा. वरून पडणाऱ्या विटा, खाली रचायच्या, ओळ भरली की गायब. त्याला रंग कशाला हवेत? मुलांबरोबर आईबापही खेळायला लागले. गेम बॉय आणि त्याचा पुढचा रंगीत भाऊ मिळून ११ कोटी ८६ लाखांच्या वर खपले. आज लिंक्स आणि गेम गिअरची नावं फक्त शौकिनांना माहीत आहेत.

लाल पडदा

इतकं सगळं जमल्यावर योकोईंना वाटायला लागलं होतं, की व्हिडीओ गेमचा धंदा आता नुसत्या चित्रांच्या चढाओढीत अडकलाय. आणखी रंग, आणखी वेग. त्यात नवा खेळ कुठे आहे? त्यांनी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या एका कंपनीचं तंत्र घेतलं. लाल दिव्यांची एक रांग आणि वेगाने हलणारा आरसा. डोळ्यांना खोलवर पसरलेलं चित्र दिसायचं, भोवती पूर्ण काळोख. दिवे लालच का? कारण लाल दिवे स्वस्त होते आणि वीज कमी खायचे.

हाच 'व्हर्च्युअल बॉय'. डोक्याला बांधायचं यंत्र करायचं मूळ मनात होतं. पण सुरक्षेची भीती पुढे आली आणि ते टेबलावरच्या दोन पायांवर येऊन बसलं. खेळणाऱ्याने वाकून त्यात तोंड खुपसायचं. कंपनीचं सगळं लक्ष तेव्हा पुढच्या निन्टेंडो ६४ कडे लागलेलं. २१ जुलै १९९५ रोजी व्हर्च्युअल बॉय जपानात विक्रीला आला, १५,००० येनला. लोकांनी पाहिला, मान अवघडली, डोकं दुखलं. दुसऱ्या कुणाला दाखवताही येत नव्हतं, कारण आत एकालाच दिसायचं. वर्ष संपायच्या आत जपानात तो बंद झाला, पुढच्या वर्षी अमेरिकेतही. जेमतेम ७ लाख ७० हजार नग आणि सगळे मिळून २२ खेळ. निन्टेंडोच्या विसरलेल्या यंत्रांच्या यादीत पहिलं नाव याचंच घेतलं जातं.

गंमत म्हणजे इथेही सूत्र तेच होतं. स्वस्त दिवे, साधा आरसा. पण गेम बॉय खिशात जायचा, दोस्ताला दाखवता यायचा, आगगाडीत चालायचा. व्हर्च्युअल बॉयमध्ये माणूस एकटा पडला. लेफ्टी गाडीत जे नव्हतं त्याची उणीव कुणाला जाणवली नव्हती. इथे जे नव्हतं तेच सगळ्यांना हवं होतं.

शेवटचा प्रवास

१५ ऑगस्ट १९९६ रोजी योकोईंनी निन्टेंडो सोडली. एकतीस वर्षांची नोकरी. व्हर्च्युअल बॉयच्या अपयशामुळे त्यांना जावं लागलं असं तेव्हा सगळीकडे बोललं गेलं. स्वतः योकोईंचं म्हणणं वेगळं होतं. पन्नाशीच्या आसपास बाहेर पडून स्वतःचं काही करायचं, हे त्यांनी आधीच ठरवलेलं होतं. जाण्याआधी त्यांनी गेम बॉयची लहान, सडपातळ आवृत्ती पुरी करून दिली. त्याच वर्षी फेब्रुवारीत पोकेमॉनचे पहिले खेळ आले होते, आणि म्हातारा होत चाललेला गेम बॉय पुन्हा धावायला लागला होता.

बाहेर पडल्यावर त्यांनी क्योतोतच 'कोतो' नावाची छोटी कंपनी काढली. बंदाई या खेळणी कंपनीसाठी खिशातलं नवं यंत्र आखायला घेतलं, 'वंडरस्वान'. पुन्हा काळा-पांढरा पडदा, पुन्हा कमी किंमत, आणि यावेळी फक्त एक पेन्सिल सेल. एका सेलवर तीसेक तास खेळ. उभं धरा नाहीतर आडवं धरा, दोन्हीकडून खेळता येणार.

ते बाजारात आलेलं त्यांना पाहायला मिळालं नाही. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी संध्याकाळी इशिकावा प्रांतातल्या होकुरिकु द्रुतगती महामार्गावर त्यांची गाडी पुढच्या एका छोट्या ट्रकला मागून धडकली. किरकोळ ठोकर. काय झालंय ते पाहायला योकोई खाली उतरले आणि मागून आलेल्या दुसऱ्या गाडीने त्यांना उडवलं. वय ५६.

वंडरस्वान ४ मार्च १९९९ रोजी निघाला, ४,८०० येनला. त्याच्यासोबत एक कोडं-खेळही आला. त्याला नाव दिलं होतं 'गुनपे', योकोईंच्या नावावरून. वंडरस्वान जपानबाहेर फारसा गेलाच नाही आणि काही वर्षांत तोही विस्मरणात गेला. २००३ साली आंतरराष्ट्रीय गेम विकासकांच्या संघटनेने योकोईंना मरणोत्तर जीवनगौरव दिला.

आपल्याकडे काय उरलं

भारतात गेम बॉय फार थोड्यांनी पाहिला. कुणाचा काका परदेशातून आला तर त्याच्या बॅगेत. १९९५च्या सुमारास शॉ वॉलेसने सेगाची यंत्रं अधिकृतपणे इथे आणली, पण हजारोंच्या घरातली किंमत साध्या पगारदाराला झेपणारी नव्हती. गावोगाव पोहोचला तो टीव्हीचा नकली डबा, आणि त्याच्यामागून 'ब्रिक गेम'. हातात मावणारं स्वस्त यंत्र, टेट्रिसच्या विटा, काळ्या चौकोनांचा पडदा, खोक्यावर ९९९९ खेळांची थाप. मोजले तर दहा-बारा निघायचे, तेच वेगवेगळ्या वेगाने. क्षिप्रेकाठचा कार्तिक मेळा असो नाहीतर सीमाभागातली गावची यात्रा, खेळण्यांच्या दुकानात असल्या वस्तूंपुढे पोरं घुटमळायचीच.

हे यंत्र निन्टेंडोचं नव्हतं, योकोईंनीही बनवलं नव्हतं. पण कॅल्क्युलेटरचा पडदा घेऊन खिशातला खेळ करायची वाट त्यांनीच पाडलेली. आणि त्यांचं गणित इथे जपानपेक्षाही चांगलं जुळत होतं. मध्य प्रदेशात तेव्हा वीज कधी जाईल याचा नेम नसायचा. २००३ची विधानसभा निवडणूक तर वीज, रस्ते आणि पाणी यांच्यावरच गाजली. लाइट गेली की टीव्हीचा डबा मुका व्हायचा. दोन पेन्सिल सेलवरचा ब्रिक गेम चालूच असायचा. पडद्याला उजेड नाही म्हणून पोरं कंदिलाजवळ सरकायची किंवा गच्चीवर जायची, एवढंच.

आज उज्जैनमधल्या मुलांच्या हातात मोबाइल आहे आणि अंगठा काचेवर फिरतो. तरी टीव्हीवर खेळायच्या आजच्या महागड्या यंत्रांचा रिमोट उचलून पाहा. डावीकडे चार दिशांची ती कळ अजून आहे. चाळीस वर्षांत आतलं सगळं बदललं, ती बदलायची गरज कुणाला पडली नाही. आणि माळ्यावरच्या जुन्या खोक्यात समुराई नाहीतर मीडिया अजून पडून असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी रिमोट एकदा हातात घेऊन बघावा. अधिकच्या चिन्हाचं उजवं टोक जास्त झिजलेलं असेल, कारण मारिओ कायम उजवीकडेच धावायचा. ज्याने कधी काळी फक्त डावीकडे वळणारी गाडी बनवली होती, त्याचंच हे बटण.